कॉफीची तोडणी: माणूस की मशीन, आणि हिशोब नेमका कुठे फिरतो

प्रश्न असा आलाय की मशीन तासाभरात शे-दोनशे माणसांचं काम करत असेल तर बहुतेक देशांत कॉफी अजून हातानेच का तोडतात, आणि मशीन आणलं तर खर्च खरंच निम्म्यावर येतो का. सोबत अजून एक शंका आहे की मशीनने तोडलेल्या कॉफीची चव खालच्या दर्जाची असते का. मी तोडणी आणि मिल (फळातून दाणा काढून वाळवतात ती जागा) अशा दोन्ही बाजूंना बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. सगळे मजुरी विरुद्ध मशीनची किंमत असा हिशोब मांडतात आणि तिथेच फसतात. माझ्या मते पहिला आकडा वेगळाच आहे, तो म्हणजे तोडणीच्या दिवशी झाडावरची किती टक्के फळं पिकलेली आहेत. उतार, मजुरी, बाजारभाव हे सगळं त्याच्यानंतर. मशीनमुळे निवडायचं काम संपत नाही, फक्त ते झाडावरून उठून मिलमध्ये जातं, आणि मिलमध्ये ते किती स्वस्तात होतंय यावर सगळा खेळ आहे.

हाताचा हिशोब बघू. सहा किलोच्या आसपास फळ तोडलं की एक किलो कच्चा दाणा मिळतो, कधी पाच, कधी साडेपाच, पण सहा धरून चाला म्हणजे तोंडघशी पडत नाही. म्हणजे ६० किलोच्या एका पोत्याला ३६० किलो फळ. फक्त पिकलेलं वेचणारा सरावाचा माणूस दिवसाला ५० ते १०० किलो काढतो, आपण ८० धरू. एक फळ दीड-दोन ग्रॅमचं, म्हणजे त्या माणसाने दिवसभरात चाळीस-पन्नास हजार फळं एकेक करून हातावेगळी केली, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांनी ठरवलं की हे घ्यायचं आणि ते ठेवायचं. एका पोत्याला साडेचार माणसांचा दिवस गेला. १० हेक्टरची बाग असेल आणि हेक्टरी ३० पोती येत असतील तर ३०० पोती, म्हणजे १,३५० मनुष्यदिवस. ७५ दिवसांच्या हंगामाला भागलं तर रोज १८ माणसं, ऐकायला सोपं वाटतं. पण फळ सरासरीने पिकत नाही हो, ४० टक्के माल मधल्या वीस दिवसांत अंगावर येतो आणि तेव्हा रोज २७ माणसं लागतात, आणि नेमकी तेव्हाच ती शेजारच्या बागेलाही लागतात.

हाताने तोडणाऱ्या बागेत एकूण खर्चातला सगळ्यात मोठा घास तोडणीच खाते, चाळीस टक्क्यांपर्यंत सहज जातो. खत, फवारणी, छाटणी सगळं वर्षभर पसरलेलं असतं, हा पैसा मात्र दोन-तीन महिन्यांत रोख मोजावा लागतो आणि तोही माल विकायच्या आधी.

मजुरी बहुतेक ठिकाणी उक्ती असते, वजनावर नाहीतर मापावर. कोस्टा रिकात काहुएला नावाचं २० लिटरचं माप आहे, अशी वीस मापं झाली की एक फानेगा, ज्यातून ४६ किलो कच्चा दाणा मिळतो असं धरतात. आता उक्त्या मजुरीतली गोची बघा, माणसाला पैसे मिळतात मापाचे आणि मालकाला हवंय पिकलेलं, त्यामुळे संध्याकाळी वजनकाट्यापाशी रोज तोच सीन होतो. टोपली ताडपत्रीवर उपडी करायची, मुकादम हात फिरवतो, तळाला हिरवी फळं दिसली की चेहरा बदलतो. माल धुऊन प्रोसेस करायचा असेल तर हिरवं अडीच टक्क्यांच्या आत हवं असं कोलंबियातले लोक धरून चालतात, आणि हे अडीच टक्के राखायला दर थोडा वाढवून द्यावा लागतो, नुसत्या ओरडण्याने ते होत नाही. ज्यांनी दर न वाढवता फक्त दंड लावला त्यांच्याकडचे चांगले तोडणारे तिसऱ्या दिवशी गायब झालेले मी पाहिलेत.

आता फळ एकदम का पिकत नाही ते बघू, कारण गाभा इथे आहे. कॉफीच्या कळ्या कोरड्या काळात झोपून राहतात आणि चांगला पाऊस किंवा पाणी मिळालं की आठवडा-दहा दिवसांत फुलतात. कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकात फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत सात ते नऊ महिने, रोबस्टात त्याहून जास्त. म्हणजे जिथे कोरडा हंगाम कडक असतो आणि मग एकदाच दणकून पाऊस येतो तिथे फुलोरा एक-दोन वेळांत आटोपतो आणि फळही बऱ्यापैकी एकत्र पिकतं. विषुववृत्ताजवळ कोलंबियासारख्या ठिकाणी वर्षभर थोडा थोडा पाऊस चालू असतो, फुलोरे पाच-सहा वेळा येतात, एकाच फांदीवर लाल फळ, हिरवं फळ आणि पांढरं फूल शेजारी शेजारी बसलेलं दिसतं, मुख्य हंगामाशिवाय मिताका नावाचा छोटा दुसरा हंगामही असतो. अशा झाडातून मशीन फिरवणं म्हणजे पुढच्या दोन महिन्यांचं पीक आजच खाली पाडणं.

ब्राझीलमध्ये मशीन का रुजलं याचं उत्तरही यातच आहे, फक्त जोडीला एक थंडीची रात्र आहे. जुलै १९७५ मध्ये पाराना राज्यात अशी गोठवणारी थंडी पडली की झाडं अक्षरशः काळी पडली आणि पुढच्या वर्षी तिथे पीक जवळजवळ शून्य. कॉफी उत्तरेकडे सरकली, मिनास जेराइसच्या सेराडो पठारावर गेली. तिथे जमीन सपाट, हिवाळा कोरडा, पावसाचा मुहूर्त ठरलेला, आणि बागा नव्याने लावायच्या होत्या त्यामुळे ओळी सुरुवातीपासूनच साडेतीन-चार मीटरवर, लांबलचक, ट्रॅक्टर फिरेल अशा. १९७९ मध्ये जाक्तो कंपनीने के-३ नावाचं कॉफी तोडायचं मशीन बाजारात आणलं. बाग अशी आधीच तयार होत होती म्हणून ते चाललं, डोंगरातल्या जुन्या बागेत त्याच मशीनला कोणी विचारलंही नसतं. सेराडोत पुढे तर ठिबकचं पाणी मुद्दाम साधारण दोन महिने तोडून सगळ्या कळ्या एकाच वेळी फुलवायची पद्धत आली, म्हणजे मशीनसाठी झाडाचं घड्याळच लावून घेतलं.

मशीन काय करतं ते जवळून बघितलं नसेल तर सांगतो. उंच चौकटीसारखं धूड ओळीच्या वरून चालतं, झाड त्याच्या पोटातून जातं. दोन्ही बाजूंना उभे रूळ, त्यांना फायबरच्या शेकडो दांड्या, त्या मिनिटाला आठशे-हजार वेळा थरथरतात. पिकलेलं फळ देठाला सैल धरून असतं, हिरवं घट्ट. म्हणून थरथर कमी ठेवली आणि वेग जुळवला तर पिकलेलं जास्त गळतं आणि हिरवं बरंचसं राहतं. पहिल्या फेरीला खालच्या काही दांड्या काढून फक्त वरचा भाग हलवतात कारण वरचं आधी पिकतं. खाली माशाच्या खवल्यांसारख्या पट्ट्या खोडाभोवती मिटतात आणि फळ पट्ट्यावरून बाजूच्या ट्रॉलीत जातं. चांगला ऑपरेटर कानाने चालवतो, आवाज बदलला की त्याला कळतं झाड दाट आलं. वाईट ऑपरेटर पानं आणि फांद्या झोडपतो, आणि त्याचं बिल पुढच्या वर्षीच्या पिकात येतं.

आता हिशोब. आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, चलन कुठलंही समजा. झाडावर १०० किलो फळ आहे, पिकलेल्या फळाची किंमत किलोला २५०, हिरव्याची १२५, झाडावरच सुकलेल्याची १५०. हाताने तोडायला किलोला १००, मशीनने ३०. मशीनचा दहावा हिस्सा माल जमिनीवर सांडतो असं धरू. हाताने नीट फेऱ्या मारल्या तर शंभरही किलो पिकलेलं मिळालं, २५,००० आले, १०,००० गेले, हातात १५,०००.

मशीन एकसारख्या पिकलेल्या बागेत: ७५ पिकलेलं, १२ हिरवं, १३ सुकलेलं. किंमत होते २२,२००, सांडलेलं वजा केलं की १९,९८०, तोडणीचे ३,००० वजा, हातात जवळपास १७,०००. मशीन जिंकलं. तेच मशीन कोलंबियासारख्या वेडंवाकडं पिकणाऱ्या बागेत: ४५ पिकलेलं, ४० हिरवं, १५ सुकलेलं. किंमत १८,५००, सांडलेलं वजा करून १६,६५०, तोडणी वजा करून १३,६५०. हात जिंकला, आणि यात मी हिरव्या फळाचं वजनच कमी भरतं हे धरलेलंच नाही. मशीन तेच, मजुरी तीच, तोडणीचा दर एक तृतीयांशाच्याही खाली, तरी निकाल उलटा.

आता मजुरी दुप्पट करा, हातवाल्याकडे ५,००० उरतात आणि मशीन दोन्ही बागांत पुढे जातं. मजुरी निम्मी करा, हातवाल्याकडे २०,००० उरतात आणि मशीन दोन्हीकडे हरतं. इथिओपियात मशीन का नाही आणि ऑस्ट्रेलियात उत्तर क्वीन्सलंडच्या बागा मशीनशिवाय का उभ्याच राहिल्या नसत्या, हे या दोन वाक्यांत आलं.

पण गंमत पुढे आहे. मजुरी दुप्पट आणि फळाचा भाव चौपट करून बघा. हातवाल्याचे १०० किलोवर ८०,००० उरतात, मशीनवाल्याचे वेड्यावाकड्या बागेत साठ-पासष्ट हजार. म्हणजे महागड्या मजुरीच्या देशातही हात परवडतो, भाव तसा असेल तर. हवाईत हे एकाच राज्यात बघायला मिळतं. कोना नावाच्या भागात लाव्हाच्या उतारांवर लहान लहान बागा, हाताने तोडणी, आणि भाव जगात वरच्या फळीतला. आणि काउआई बेटावर उसाच्या जुन्या जमिनीवर १९८० च्या दशकात लावलेली ३,००० एकरांहून मोठी बाग, ब्लूबेरी तोडायच्या मशीनमध्ये फेरफार करून पूर्ण यांत्रिक. दोघांना मजूर कायदा एक, मजुरी साधारण एक. दोघांचाही निर्णय बरोबर आहे.

मशीनचे ३० मी सरळ धरले खरे, पण ते ३० येतात कुठून तेही बघायला हवं. ओळी चार मीटरवर असतील तर हेक्टरमध्ये अडीच किलोमीटर ओळ होते. मशीन तासाला साधारण एक किलोमीटर चालतं, म्हणजे हेक्टरला एका फेरीचे अडीच तास, दोन फेऱ्यांचे पाच. ७५ दिवस, दिवसाला दहा तास, त्यातले वळणं, डिझेल, तुटलेल्या दांड्या, पाऊस वजा जाऊन सात तास खरे, एकूण ५२५ तास. म्हणजे एक मशीन १०० हेक्टर सांभाळतं. तुमच्याकडे १० हेक्टर असतील तर तेच मशीन हंगामात पन्नास तास चालेल आणि बाकी वर्षभर शेडमध्ये उभं राहून घसारा आणि हप्ता खाईल. त्यामुळे ब्राझीलमधले मध्यम शेतकरी मशीन विकत घेत नाहीत, तासावर भाड्याने आणतात. भाड्याचा तोटा एकच पण मोठा, मशीन तुमच्या फळाच्या तारखेला येत नाही, त्याच्या रांगेच्या तारखेला येतं. दहा दिवस उशीर झाला की पिकलेल्याचं सुकलेलं होतं.

दुसरी अडचण अरेबिकाच्या स्वभावाची. एक वर्ष भरभरून, दुसरं वर्ष रिकामं. रिकाम्या वर्षी मशीन तेवढेच तास चालतं, डिझेल तेवढंच पितं आणि ट्रॉलीत निम्मंही पडत नाही. हाताच्या तोडणीत मजुरी मालाबरोबर कमी-जास्त होते, मशीनमध्ये होत नाही. यावर ब्राझीलवाल्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो, साफ्रा झेरो म्हणतात, शून्य हंगाम. भरघोस तोडणी झाली की लगेच झाडाच्या बाजूच्या फांद्या खोडाजवळून छाटून टाकायच्या, पुढच्या वर्षी एक फळसुद्धा येऊ द्यायचं नाही, म्हणजे तोडणीचा खर्चही शून्य, आणि त्याच्या पुढच्या वर्षी दणक्यात पीक. बाग दोन भागांत केली की दरवर्षी अर्धी भरलेली, अर्धी मुंडलेली, आणि मशीन नेहमी भरल्या ओळीतच चालतं. नवीन माणूस ती मुंडलेली बाग बघून घाबरतो.

मिलचं मात्र कोणी आधी विचारत नाही. हेक्टरी ३० पोती म्हणजे जवळपास ११ टन फळ, पहिल्या फेरीत साठ टक्के पडलं तर अडीच तासांत साडेसहा टन, दहा तास चाललं तर दिवसाला २६ टन. एका ठिकाणी मी सल्लागार म्हणून होतो, पहिल्याच वर्षी मशीन आलं, सगळे ओळीच्या टोकाला उभे राहून फोटो काढतायत, आणि संध्याकाळी पल्परसमोर, म्हणजे फळाची साल काढणाऱ्या यंत्रासमोर, ट्रॉल्यांची रांग. पल्पर हाताच्या तोडणीच्या मापाचा, तासाला एक टन. रात्री दोन वाजता शेवटच्या ट्रॉलीत हात घातला तर माल कोमट लागला, वास आंबूस, शिळ्या दारूसारखा. तो पूर्ण लॉट खालच्या ग्रेडला गेला. चूक आमचीच होती, मशीन घेताना वाळवणाचं खळं आणि पल्पर कोणी मोजलंच नव्हतं. तेव्हापासून मी पहिल्यांदा विचारतो की दिवसाला किती टन वाळवू शकता, मशीनचा आकार त्यावरून काढा.

मिलमध्ये निवड कशी होते तेही थोडक्यात. आधी पाण्यात, सुकलेलं आणि पोकळ फळ तरंगतं, पिकलेलं आणि हिरवं बुडतं. मग बुडालेलं पल्परच्या जाळीवर दाबतात, पिकलेल्याचा दाणा सालीतून सटकून बाहेर येतो, हिरवं टणक म्हणून अख्खंच पुढे ढकललं जातं आणि वेगळं होतं. शेवटी वाळल्यावर रंग बघून दाणे उडवणारी मशीनं. हे सगळं असेल तर मशीनने तोडलेल्या मालातून चांगला लॉट निघतो. नसेल तर माझ्या गणितातला पिकलेल्याचा २५० चा भाव विसरा, सगळा ढीग मिसळून एकाच खालच्या भावात जाईल.

मशीन गेल्यावरही माणसं लागतातच. झाडावर राहिलेलं काढायचं, खाली सांडलेलं झाडून गोळा करायचं. हे आळसाने सोडलं तर फळ पोखरणारा भुंगेरा त्या उरलेल्या फळांत राहतो आणि पुढच्या हंगामात सगळीकडे भोकं दिसतात. तुमचा मशीनचा हिशोब या झाडणीशिवाय मांडला असेल तर तो अर्धाच आहे.

मधला मार्गही आहे आणि माझ्या मते बहुतेक लोकांसाठी तोच खरा प्रश्न आहे. लांब दांड्याच्या टोकाला थरथरणारी बोटं असलेलं हातमशीन, पेट्रोलवर किंवा बॅटरीवर. खाली ताडपत्री, माणूस फांदीतून बोटं फिरवतो, फळांचा पाऊस पडतो. उतारावर जिथे मोठं मशीन उलटेल तिथे हे चालतं, सरसकट ओरबाडायच्या कामात माणसाचं काम दुप्पट-तिप्पट होतं, आणि किंमत दोन हंगामांत वसूल होते. पण पिकलेलं-हिरवं ते फारसं बघत नाही, दिवसभर डोक्यावर धरून खांदे जातात, आणि आवाज असतो तो वेगळाच. रोबस्टावाल्यांची अजून एक युक्ती आहे, ब्राझीलच्या एस्पिरितो सांतोत पीक देऊन झालेल्या खोडफांद्या तशाही छाटायच्याच असतात, तर त्या फळांसकट कापून ओळीतल्या लांब ताडपत्रीवर टाकतात आणि मशीन ती ताडपत्री गुंडाळत गुंडाळत फांद्या झोडून फळ वेगळं करतं. छाटणी आणि तोडणी एकाच मजुरीत. अरेबिकाला हे लागू पडत नाही, रोबस्टाच्या अनेक खोडांच्या झाडालाच जमतं.

अजून एक. लोक मजुरीचा दर बोलतात, पण बागा मशीनकडे वळतात त्या बऱ्याचदा माणूसच मिळत नाही म्हणून. कोस्टा रिकाची तोडणी निकाराग्वाहून येणाऱ्या आणि पनामाकडच्या ङाबे या आदिवासी लोकांवर उभी आहे, सीमेवर काही अडलं की फळ झाडावर सडतं. न तोडलेल्या फळामागे किलोला २५० बुडतात आणि वाचतात फक्त १००, हे हातवाल्याने आपल्या कागदावर लिहावं. आणि उलट बाजूने, मशीन आलं की ऑपरेटर आणि मेकॅनिकची चार चांगली कामं तयार होतात आणि दोनशे लोकांचे तीन महिन्यांचे पैसे जातात, ते लोक या ऑपरेटरमध्ये नसतात. बागेच्या हिशोबात हे कुठेच दिसत नाही.

कुणाला आपल्याच बागेचं ठरवायचं असेल तर हंगामाच्या मध्यावर वीस झाडं कुठलीही निवडा, प्रत्येकाच्या वरच्या, मधल्या, खालच्या एकेका फांदीवरची सगळी फळं मोजा, लाल किती, हिरवी किती, काळी किती. पिकलेलं साठ टक्क्यांच्या खाली असेल तर मशीनच्या डेमोला जाऊच नका, आधी फुलोऱ्याचं आणि पाण्याचं बघा. सत्तरच्या वर असेल, उतार शंभर मीटरला पंधरा-वीस मीटरच्या आत असेल आणि मिल दमदार असेल तर भाड्याने आणून दोन ओळी चालवून बघा.

चवीचं राहिलं. मशीनमुळे चव बिघडत नाही, हिरवं आत राहिलं तर बिघडते, मग ते हाताने आलेलं असो की मशीनने. हाताने ओरबाडलेला माल मशीनच्या नीट निवडलेल्या मालापेक्षा वाईट लागलेला मी कितीदा चाखलाय. घरी ओळखायचं असेल तर भाजलेल्या दाण्यांची मूठभर पांढऱ्या ताटलीत पसरा, बाकीचे तपकिरी आणि मध्येच दोन-चार फिकट, शेंगदाण्याच्या रंगाचे दिसतील, ते हिरव्या फळातले. तेवढेच वेगळे काढून चावून बघा, भुईमुगाच्या टरफलासारखे कोरडे लागतात.